पाटी कोणाची, मजकूर कोणाचा?

आज मी एका अगदी छोट्या मजकुराची समीक्षा करणार आहे. समीक्षा म्हटलं की आपल्यापुढे कादंबरी येते, कविता येते. हा मजकूर पुष्कळदा चार-पाच ओळींचाच असतो, आणि तो माणसांनी वाचावा म्हणून लिहिलेलाही नसतो. त्याचं नाव रोबोट्स डॉट टीएक्सटी. संकेतस्थळाच्या दारावर लावलेली ही पाटीच म्हणा ना. अमुक यंत्राने अमुक भागात येऊ नये, एवढंच ती सांगते.

संकेतस्थळांवरचा मजकूर यंत्राकरवी भराभर उतरवून घेणं याला वेब स्क्रेपिंग म्हणतात. शब्दशः अर्थ खरवडणं. मला मात्र 'उपसा' हा आपला शब्द जास्त बरोबर वाटतो. विहिरीवर पंप लावणाऱ्याला गावाने काय नियम घालावेत, तसाच हा प्रश्न आहे. आता यासाठी 'जबाबदार' धोरणं लिहिली जातात. ती वाचलीत तर पहिली कलमं साधारण सारखी दिसतील: पाटी पाळा, हळू चला, सर्व्हरवर ताण आणू नका, आपल्या बॉटचं खरं नाव सांगा. यात चूक काहीच नाही. माझी तक्रार एवढीच की बऱ्याचदा धोरण तिथेच संपतं.

आधी पाटीकडे नीट बघू. मार्टिन कोस्टर यांनी 1994 साली ही कल्पना मांडली. पुढे अठ्ठावीस वर्षं तो निव्वळ शिष्टाचार होता. 2022 च्या सप्टेंबरात आरएफसी 9309 या नावाने त्याला प्रमाण दस्तऐवजाचं रूप मिळालं. हा दस्तऐवज मला फार प्रामाणिक वाटतो. आपले नियम म्हणजे प्रवेशाचा परवाना नव्हे, असं तो स्वतःच सांगून टाकतो. म्हणजे ही विनंती आहे, कुलूप नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट त्यात आहे. पाटीच नसेल, तर यंत्राने सगळं घेतलं तरी चालेल. मौन ही संमती. पण सर्व्हर कोलमडलेला असल्यामुळे पाटी वाचता आली नाही, तर मात्र सगळ्याला मनाई आहे असं समजायचं. दार वाजवल्यावर आतून कण्हण्याचा आवाज आला तर घरात घुसू नये, इतकं तारतम्य त्यात आहे! तांत्रिक लेखनात इतकी माणुसकी मी क्वचित पाहिली.

पण ही पाटी लिहितो कोण? संकेतस्थळाचा मालक. आणि आत जे लिहिलेलं आहे ते कोणाचं? पुष्कळदा तिसऱ्याच माणसाचं. त्या माणसाला पाटीवर एक अक्षरही लिहिता येत नाही.

2016 ची गोष्ट. ओकेक्यूपिड या जोडीदार शोधण्याच्या संकेतस्थळावरून डेन्मार्कमधल्या काही संशोधकांनी सुमारे 70 हजार लोकांची माहिती उपसली आणि सगळ्यांसाठी खुली केली. वय, लिंग, टोपणनावं, लैंगिक आवडीनिवडींबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं, सगळं त्यात होतं. आक्षेप आले तेव्हा बचाव एका वाक्याचा होता: ही माहिती आधीपासूनच सार्वजनिक होती. हा युक्तिवाद तर्काच्या वर्गात मी नापास केला असता. 'दिसू शकतं' यावरून 'नेऊ शकतो' हे निघत नाही. हेलन निसेनबॉम या तत्त्वज्ञ बाईंनी 2004 पासून हेच मांडलं आहे: माहिती ज्या संदर्भात दिली, त्या संदर्भाचे संकेत तिच्यासोबत प्रवास करतात. डॉक्टरला सांगितलेलं आणि चावडीवर सांगितलेलं यांतला फरक आपल्या आजीलाही ठाऊक होता. आजीने त्याला सिद्धांत म्हटलं नाही, एवढंच.

आपला 2023 चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा इथे कमी पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात, जी माहिती व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केली तिला हा कायदा लागूच होत नाही. उदाहरण दिलंय तेही ब्लॉग लिहिणाऱ्या व्यक्तीचं. आता अशी कल्पना करा, एक बाई पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या कर्करोगाबद्दल मराठीत ब्लॉग लिहीत होत्या, वीस-पंचवीस वाचकांसाठी. तो मजकूर उपसून उद्या कोणी विम्याचा हप्ता ठरवायला वापरला, तर त्यांनी नेमकी कशाला संमती दिली होती?

तुम्ही म्हणाल, मग सगळं बंद करा. नाही. 'सार्वजनिक' हा शब्द मी सहज सोडणार नाही, तो आपल्याकडे फार महाग पडलेला शब्द आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली झाला, आणि चवदार तळ्याचं पाणी प्यायला 1927 साल उजाडावं लागलं, तेही मार खाऊन. ॲरन स्वार्ट्झ या मुलाने एमआयटीच्या जाळ्यातून जेस्टोरवरचे लाखो शोधनिबंध उतरवले. अमेरिकेच्या सरकारने त्याच्यावर फौजदारी खटला भरला, आणि तो सुरू असतानाच, 2013 मध्ये, सव्विसाव्या वर्षी त्याने जीव दिला. तोही उपसाच होता. त्याला आणि त्या डेन्मार्कवाल्यांना एकाच मापाने मोजणारं धोरण मला मान्य नाही. एकाने उतरवलं होतं छापण्यासाठीच लिहिलेलं ज्ञान, दुसऱ्यांनी माणसांची गुपितं. यंत्राचा वेग पाहून हा फरक कळत नाही. म्हणून धोरणात, काही उतरवण्याआधी, कशासाठी आणि कोणाबद्दल हे लिहून ठेवलेलं असावं, आणि हेतू बदलला तर परत विचारावं.

ताणाचा प्रश्न लहान आहे असंही नाही. विकिमीडियाने 2025 मध्ये सांगितलं की त्यांच्या सर्वांत खर्चिक रहदारीतला 65 टक्के वाटा बॉट्सचा आहे, पण पानं पाहण्यात त्यांचा वाटा मात्र सुमारे 35 टक्के.

मोठी संस्था हे सोसते. माझ्या ओळखीचं एक लहान ग्रंथालय आहे. तिथल्या निवृत्त मंडळींनी जुन्या मराठी मासिकांचे अंक एकेक पान स्कॅन करून वर चढवले होते. गेल्या वर्षी बॉट्स इतके आले की संकेतस्थळ दिवसदिवस उघडेना. पाटी होती, कोणी वाचली नाही. एका बॉटने आपला ईमेल पत्ता दिला होता. मंडळींनी त्यावर तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा यंत्राचंच उत्तर आलं. शेवटी त्यांनी सगळ्या अंकांना पासवर्ड लावला. आता मला एखादा जुना अंक बघायचा असेल तर सकाळी अकरा ते एक या वेळात फोन करावा लागतो, आणि ग्रंथपाल जागेवर असल्या तर त्या पासवर्ड सांगतात.