ख्रिस्तपुराण : मागितले कोणी, ऐकले कोणी?

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे नाव आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. ग्रंथ मात्र फार थोड्यांनी वाचला आहे. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या चार-पाच ओव्या पाठ्यपुस्तकांतून आणि व्यासपीठांवरून फिरत असतात. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून तेवढ्याच ओव्या काढून भिंतीवर लावायच्या आणि उरलेला ग्रंथ कपाटात ठेवायचा, याला मी उपेक्षाच म्हणतो. आम्हा सीमाभागातील वाचकांना तर आपल्या भाषेची प्रशस्तिपत्रे जमवण्याची सवय अंमळ जास्तच आहे. तिची कारणे सर्वज्ञात आहेत. पण भक्तीसाठी रचलेल्या काव्याला भाषेच्या खटल्यातील कागदपत्र करून टाकले, की त्याचे म्हणणे आपल्या कानावर येईनासे होते.

हे म्हणणे ऐकायचे तर पुराणाच्या पहिल्या भागाच्या अगदी आरंभी असलेला एक प्रसंग लक्षपूर्वक वाचला पाहिजे. साष्टीतल्या एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मुलांना धर्मशिक्षण चालू आहे. तिथे नुकताच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण गुरूला प्रश्न करतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा : तुम्ही शिकवता ते ठीक आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरी का देत नाही? रिकाम्या वेळी आम्ही ऐकावे काय? या प्रश्नातून ग्रंथ सुरू होतो.

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्यात विनंती आहे तशी तक्रारही आहे. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५७९ मध्ये स्टीफन्स गोव्यात उतरले आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १५८३ मध्ये, कुंकळ्ळीचा रक्तरंजित प्रसंग घडला. जुनी पोथी ज्यांच्या घरातून गेली, त्यांची पोकळी ती नेणाऱ्यांच्याच पंथातील एका धर्मगुरूने भरून काढावी, हा त्या काळाचा विलक्षण पेच आहे. स्टीफन्स यांनी तो पेच लपवला नाही. नवख्रिस्ताच्या तोंडी ती तक्रार घालून त्यांनी ती ग्रंथाच्या दारातच उभी केली. मिशनरी वाङ्मय म्हणून या ग्रंथाला नाके मुरडणाऱ्यांनी आणि केवळ मराठीप्रेमासाठी त्याला डोक्यावर घेणाऱ्यांनी, दोघांनीही या दारातून आत जायला हवे.

मग भाषेचा प्रश्न येतो. त्या वेळी चर्चची उपासना लॅटिनमध्ये चाले. मिस्सा सर्वत्र लोकभाषेत व्हावी हे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये इष्ट मानले नव्हते; मात्र धर्मगुरूंनी लोकांना अर्थ समजावून द्यावा, असेही तिने सांगितले होते. साष्टीतल्या घरांत कोकणी बोलत. स्टीफन्स यांना ती उत्तम येत होती. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली आणि कोकणीचे त्यांचे व्याकरण १६४० मध्ये. तरीही पुराणासाठी त्यांनी मराठी निवडली आणि लोकांना सोपे जावे म्हणून तिच्यात तिथल्या बोलीचे शब्द मिसळले. याचा अर्थ कोकणी कमी दर्जाची ठरवली, असा नव्हे. मिस्सेला लॅटिन, शिकवणुकीला कोकणी आणि पुराणश्रवणाला मराठी अशी ती वाटणी होती. त्यांतली तिसरी भाषा श्रोत्यांच्या कानांनी ठरवली होती. पुराण म्हणजे ओवी आणि ओवी म्हणजे मराठी, हा संस्कार त्या श्रोत्यांवर आधीच झालेला होता. पुराण मागणाऱ्याला ओळखीच्या लयीतच पुराण हवे होते.

म्हणूनच ग्रंथातील शब्दयोजना मला महत्त्वाची वाटते. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला स्टीफन्स कचरत नाहीत. पण क्रूस, इग्रेज, बाप्तिस्म हे शब्द परदेशी रूपातच ठेवतात. ओळखीचे घर आणि अनोळखी उंबरठा यांचे हे मिश्रण आहे. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात असे परकीय शब्द काढून तिथे संस्कृत वळणाचे शब्द आलेले दिसतात. मूळ पाठ कोणता, याचा वाद अभ्यासकांनी करावा. मला त्या दोन पाठांत दोन वेगळे श्रोतृवर्ग दिसतात. एकाला नव्या धर्माची खूण शब्दात हवी आहे, दुसऱ्याला ग्रंथ सलग, अडखळल्याविना ऐकायचा आहे. भक्तीची भाषा या दोन ओढींमध्येच घडत असते.

लिपीची कथाही तशीच आहे. स्थानिक लिपीचे खिळे पाडता यावेत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला पत्र लिहिले होते. तरी १६१६ मध्ये रायतूरला ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीतच. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरहून हस्तलिखितांच्या आधारे काढलेली आवृत्तीही रोमनच होती. देवनागरीतील छापील ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती यायला १९५६ साल उजाडावे लागले. ते काम शांताराम बंडेलू यांनी केले. भाषा आपली असली, तरी तब्बल ३४० वर्षे हे छापील पुस्तक आपल्या डोळ्यांना परके राहिले.

दरम्यान १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने फर्मान काढले, की लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावी. स्टीफन्स श्रोत्याच्या भाषेकडे चालत गेले होते. फर्मानाने श्रोत्यालाच चालायला लावले. ते फर्मान घराघरांतल्या कोकणीला संपवू शकले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट दिल्यावर गोव्यातली मिस्सा कोकणीत आली. तिथल्या हिंदू घरांत आजही बोलणे कोकणीत आणि आरती मराठीत, असा परिपाठ आहे. त्यात कोणाला विसंगती वाटत नाही, कारण तो कोणी लादलेला नाही.

मराठी–कोकणी वादात ख्रिस्तपुराणाला दोन्हीकडून साक्षीला बोलावले जाते. माझ्या मते ही साक्ष कोणत्याच बाजूला तारणार नाही. घरची भाषा आणि देवापुढची भाषा एकच असली पाहिजे असा नियम नाही, एवढेच हा ग्रंथ सांगतो. आम्हा बेळगावकडच्यांना हे नवे नाही. पंढरीच्या विठ्ठलाला पुरंदरदासांनी कन्नडमध्ये आळवले आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मराठी घरांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जातात. भक्तीने भाषांची सरहद्द कधी मोजली नाही. मोजणी सुरू झाली ती कचेऱ्यांत.

म्हणून भाषेला धर्माने काय दिले, यापेक्षा भाविकाला त्याच्या कानात बसेल असे काय दिले, हा प्रश्न समीक्षकाने धरून ठेवावा. सक्तीची भाषा आणि सवयीची भाषा यांतला फरक तिथेच कळतो. ख्रिस्तपुराण त्या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते. ज्यांची पोथी गेली त्यांचे दुःख त्याने भरून काढले असे मी म्हणणार नाही. पण त्यांचा प्रश्न त्याने ऐकला आणि त्यांच्याच छंदात उत्तर दिले. त्या चार ओव्या आपल्याला पाठ आहेतच. आता त्या ब्राह्मणाच्या प्रश्नापासून ग्रंथ वाचायला घ्यावा, आणि शक्य तर मोठ्याने वाचावा. तो कानांसाठीच लिहिलेला आहे.