नाताळचिंतने : सांत्वनाचा घाट आणि संहितेचे मौन

धार्मिक वाङ्मयाकडे पाहताना मराठी समीक्षेने काव्याला जेवढे महत्त्व दिले, तेवढे उपासनेच्या गद्याला दिले नाही. अभंग आणि ओवी यांच्या संदर्भात भक्ती व काव्य यांचे नाते बारकाईने तपासले गेले. रोजच्या वाचनासाठी लिहिलेले मननपर लेखन मात्र ‘प्रासंगिक’ किंवा ‘बोधपर’ म्हणून वाङ्मयविचाराच्या बाहेर राहिले. ख्रिस्ती परंपरेतील दैनंदिन नाताळचिंतन हा असाच एक उपेक्षित लेखनप्रकार होय. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि नाताळचा वार कोणता यावर त्याची लांबी २२ ते २८ दिवसांची ठरते. या प्रत्येक दिवसासाठी शुभवर्तमानातील एक लहानसा उतारा, त्यावर पान-दीड पानाचे मनन आणि अखेरीस एखादी प्रार्थना, असा या प्रकाराचा रूढ साचा आहे. तो इतका परिचित आहे, की त्याला काही घाट आहे आणि त्या घाटाचे अर्थावर परिणाम होतात, हे सहसा ध्यानात येत नाही.

या लेखनाचा वाचक कथेचा शेवट आधीच जाणून असतो. गव्हाणीतील बालक कोण, मेंढपाळ का आले, तारा कोठे थांबला, हे त्याला बालपणापासून ठाऊक असते. त्यामुळे ‘पुढे काय झाले’ हे कुतूहल येथे निवेदनाला गती देऊ शकत नाही. गती दिनदर्शिकेकडून येते. कथा संपली तरी दिवस संपलेले नसतात, आणि दिवस संपले म्हणजे कथा संपलीच पाहिजे असेही नसते. कथेचा काळ आणि वाचनाचा काळ यांच्यातील हा ताण चिंतनकर्ता कसा हाताळतो, यावर या लेखनाची गुणवत्ता अवलंबून असते.

ज्या संहितेवर हे चिंतन उभे राहते, तिचे स्वरूप प्रथम लक्षात घ्यावयास हवे. चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोघांनीच जन्मकथा सांगितली आहे, आणि त्या दोन कथा एकमेकींशी सहजासहजी जुळत नाहीत. लूकच्या कथेत मरिया आणि योसेफ नासरेथहून शिरगणतीसाठी बेथलेहेमला येतात. तेथे मेंढपाळ आहेत, पुढे यरुशलेमच्या मंदिरात शिमोन आणि हन्ना आहेत. मत्तयाच्या कथेत हे कुटुंब बेथलेहेममधील एका घरातच आढळते. तेथे पूर्वेकडचे ज्ञानी लोक येतात, हेरोद राजा संतापतो, कुटुंब मिसर देशात पळून जाते. या दोन कथांच्या स्वतंत्र रचनेचा सविस्तर शोध रेमंड ब्राऊन यांनी ‘द बर्थ ऑफ द मसायाह’ (१९७७) या ग्रंथात घेतला आहे. नाताळच्या देखाव्यात मात्र मेंढपाळ आणि ज्ञानी लोक एकाच छपराखाली उभे असतात.

दुसरी बाब संहितेच्या काटकसरीची. लूकने प्रत्यक्ष जन्म एका वाक्यात उरकला आहे. मत्तयाने तर तो ओझरता उल्लेखिला आहे. दार लावून घेणारा धर्मशाळेचा मालक लूकमध्ये नाही. ज्या शब्दाचा अर्थ परंपरेने ‘उतारशाळा’ असा केला, तो ‘काटालुमा’ हाच ग्रीक शब्द लूक पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो; दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतातील धर्मशाळेसाठी त्याने निराळाच शब्द योजला आहे. बैल आणि गाढव संहितेत नाहीत. ते यशयाच्या एका वचनावरून आणि उत्तरकालीन अप्रमाण शुभवर्तमानातून चित्रांत आले. ज्ञानी लोक तीन होते, असे मत्तय कोठेही म्हणत नाही. योसेफाच्या तोंडी तर दोन्ही कथांत एकही शब्द नाही.

एरिक आउअरबाख यांनी ‘मिमेसिस’मध्ये (१९४६) बायबलच्या निवेदनाचे हेच वैशिष्ट्य नोंदविले आहे : जे अत्यावश्यक तेवढेच उजेडात आणायचे आणि बाकीचे सारे अर्थगर्भ अंधारात ठेवायचे. वोल्फगांग इझर यांच्या परिभाषेत सांगायचे तर ही संहिता रिकाम्या जागांनी भरलेली आहे आणि वाचकाला त्या जागा आपल्या कल्पनेने भराव्या लागतात. चिंतन हा या भरणीचाच एक संस्थात्मक, शिस्तबद्ध प्रकार आहे. लक्षणीय गोष्ट अशी, की तिचा आद्य नमुना संहितेतच आहे. मरिया घडलेल्या गोष्टी मनात साठवून त्यांवर मनन करीत राहिली, असे लूक सांगतो. मननासाठी त्याने वापरलेल्या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘एकत्र आणून ठेवणे’, ‘एकाशेजारी एक मांडून पाहणे’ असा आहे. मरिया निष्कर्ष काढीत नाही. विसंगत वाटणाऱ्या गोष्टी ती एकमेकींशेजारी धरून ठेवते. चिंतनाचा याहून नेमका आदर्श सांगता येणार नाही.

या आदर्शाशी परंपरेतील निरनिराळ्या पद्धती ताडून पाहता येतात. चौदाव्या शतकातील ‘मेदितातिओनेस वीते क्रिस्ती’ या, दीर्घकाळ संत बोनाव्हेंतूर याच्या नावावर राहिलेल्या, फ्रान्सिस्कन ग्रंथात वाचक स्त्रीला प्रसंगी जणू स्वतः हजर असल्याप्रमाणे सारे पाहण्यास सांगितले आहे. प्रसूतीच्या वेळी मरिया एका खांबाला टेकून उभी होती, असा तपशील तेथे येतो. हा तपशील शुभवर्तमानात नाही, आणि ग्रंथकर्त्याला त्याचा संकोचही नाही; कल्पनेने भरलेला अवकाश भक्तीस उपकारक असेल तर तो ग्राह्य, अशी त्याची धारणा आहे.

इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या ग्रंथात ही पद्धत अधिक काटेकोर झाली. साधकाने नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. तो किती लांब, किती रुंद, सपाट आहे की दऱ्याखोऱ्यांतून जातो, हे पाहावे. गुहा केवढी, किती उंच, हेही पाहावे. या प्रश्नांची उत्तरे इग्नेशियस देत नाही. तो एका दासीला या प्रसंगात आणतो आणि साधकाला ‘दीन, अपात्र सेवक’ म्हणून एका बाजूला उभे करतो. त्याहून महत्त्वाची आहे ती दिवसाची रचना. अवतार आणि जन्म या दोन प्रसंगांवर दोन ध्याने, मग त्याच दोहोंची पुनरावृत्ती, पुन्हा एकदा पुनरावृत्ती आणि शेवटी पाचही इंद्रियांनी त्याच प्रसंगाचा अनुभव. एका दिवसात पाच ध्याने होतात आणि कथा मात्र जवळजवळ जागची हलत नाही. पुनरावृत्ती येथे नवी माहिती पुरवीत नाही. जेथे मन अडखळले तेथेच ती साधकाला परत नेते.

आल्फोन्सस लिगुओरी याच्या नाताळच्या नोव्हेनामध्ये (१७५८) दिवसांची मांडणी आणखी वेगळी आहे. नऊ दिवसांची त्याची प्रवचने कथेच्या टप्प्यांवर बेतलेली नाहीत. ती मुख्यतः विरोधांवर बेतलेली आहेत. थोर तो लहान झाला, धनी तो सेवक झाला, बलवान तो दुर्बल झाला, श्रीमंत तो गरीब झाला. एकाच घटनेभोवती नऊ फेऱ्या घातल्या जातात. त्याची भाषा भावविवश आहे, कधी कधी अतिरेकी आहे. परंतु विरोध विरोधच राहतो, त्याचे सुभाषितात रूपांतर होत नाही.

ज्या चिंतनपुस्तिका प्रचलित आहेत, त्यांतील बहुतेकींनी या दोन्ही पद्धती सोडून तिसरी स्वीकारली आहे. त्या कथेचे हप्ते पाडतात आणि प्रत्येक हप्त्याला एक तात्पर्य जोडतात. योसेफाच्या मौनाचे तात्पर्य आज्ञाधारकता, मेंढपाळांचे तात्पर्य साधेपणा, नसलेल्या धर्मशाळेच्या मालकाचे तात्पर्य ‘आपल्या अंतःकरणात जागा आहे का’ हा प्रश्न. रिकामी जागा दिसताच ती बुजविण्याची ही घाई आहे. दिवसागणिक एक बोध दिलाच पाहिजे या बंधनातून ती निर्माण होते, आणि तिच्यामुळे संहितेचा प्रतिकार नाहीसा होतो. वाचकाला रोज काही ना काही मिळते. परंतु मरियेप्रमाणे काही धरून ठेवण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

या प्रकाराची खरी कसोटी मात्र २५ डिसेंबरनंतर लागते. पाश्चात्त्य चर्चच्या दिनदर्शिकेने २६ डिसेंबर हा स्तेफन या हुतात्म्याला आणि २८ डिसेंबर हा हेरोदाने मारविलेल्या निष्पाप बालकांना दिला आहे. दिनदर्शिका कथेला गव्हाणीपाशी थांबू देत नाही. उलट बहुसंख्य पुस्तिका नेमक्या तेथेच थांबतात. चिंतनाचे प्रयोजन सांत्वन हे असेल, तर हे थांबणे समजण्याजोगे आहे. पण मत्तयाची संहिता या ठिकाणी सांत्वनालाच नकार देते. बालहत्येच्या प्रसंगी तो यिर्मयाच्या वचनातील राहेलला आणतो, आणि ही राहेल आपल्या मुलांसाठी रडणारी, समजूत घालून न घेणारी आई आहे. त्याहून सूक्ष्म गोष्ट व्याकरणातील आहे. जन्मकथेत इतरत्र ‘संदेष्ट्याचे वचन पूर्ण व्हावे म्हणून’ असे घडले, अशी हेतुवाचक रचना मत्तय करतो. येथे मात्र ‘तेव्हा ते वचन पूर्ण झाले’ एवढेच तो म्हणतो. हेतू दाखविणारे अव्यय तो टाळतो. पुढे यहूदाच्या पैशांच्या संदर्भातही त्याने तेच केले आहे. बालकांच्या मृत्यूचा हेतू देवाकडे सोपविण्यास शुभवर्तमानकार तयार नाही. ‘यामागेही देवाची योजना होती’ असे लिहिणारा चिंतनकर्ता मत्तयाहून अधिक बोलतो आणि त्याच्याहून कमी ऐकतो.

सांत्वनाच्या या साच्याबाहेर पडलेल्या नाताळचिंतनांत आल्फ्रेड डेल्प याचे लेखन अग्रगण्य ठरते. हा जर्मन येशूसंघीय धर्मगुरू १९४४ च्या डिसेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगात नाझी न्यायालयापुढील खटल्याची वाट पाहत होता. हात बेड्यांत असताना त्याने आगमनकाळाच्या रविवारांवर आणि त्या काळातील व्यक्तिरेखांवर मनने लिहिली. ती गुप्तपणे तुरुंगाबाहेर पोहोचविली गेली. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आले. या लेखनाचे मोल केवळ लेखकाच्या मरणामुळे ठरत नाही. तसे मानणे ही चरित्राची समीक्षेवर कुरघोडी ठरेल. आगमनकाळ हा मुळापासून हादरण्याचा काळ आहे, हे त्याचे प्रमुख सूत्र आहे. प्रतीक्षा हा शब्द तेथे गोड राहत नाही, कारण लिहिणाऱ्याला उद्याची खात्री नाही. दिनदर्शिका आणि कथा यांच्यातील जो ताण इतर पुस्तिका बोधाने मिटवितात, तो डेल्पच्या लेखनात वाक्यावाक्यांत जाणवतो.

मराठीच्या संदर्भात या प्रश्नाला एक जुना, महत्त्वाचा धागा आहे. येशूसंघातील इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. इग्नेशियसची साधना ही त्या संघाच्या शिक्षणाचा पाया असल्याने प्रसंग डोळ्यांसमोर उभा करण्याची रीत स्टीफन्सला परकी नव्हती. मराठी पुराणाच्या घाटात आणि ओवीच्या चालीत मात्र ती निराळ्या श्रवणपरंपरेला मिळाली. ज्या समाजाला कंसाची कथा ठाऊक होती, त्याला हेरोदाची कथा ऐकताना ती आठवणे स्वाभाविक आहे. साम्य दिसते ते भयग्रस्त राजा आणि मारली गेलेली बालके यांपुरते. कृष्णकथेत बालक मोठे होऊन कंसाचा वध करते आणि अन्यायाचे वर्तुळ पूर्ण होते. मत्तयाच्या कथेत हेरोद आपल्या मरणाने मरतो. बालकांच्या रक्ताचा हिशेब कथेत कोठेही चुकता होत नाही. दोन कथांतील हा फरक मराठी वाचकाला इतरांहून अधिक स्पष्ट दिसू शकतो, कारण त्याच्या कानांत दोन्ही कथा आहेत.

पारायणाची मराठी परंपराही येथे तुलनेस उपयोगी पडते. गुरुचरित्राच्या सप्ताहात कोणत्या दिवशी कोणते अध्याय वाचायचे, हे ठरलेले असते. वाचकाला न रुचणारा अध्याय गाळता येत नाही. पारायण संहितेला अखंड ठेवते, चिंतन तिच्यातून निवड करते. निवडीचे स्वातंत्र्य हे चिंतनाचे सामर्थ्य आहे, आणि काय गाळले गेले यातच त्याची मर्यादा वाचता येते. २८ डिसेंबर गाळणारी नाताळपुस्तिका कथेचा उत्तरार्ध तर वगळतेच, शिवाय पूर्वार्धाचाही अर्थ बदलते; धोक्यात जन्मलेले बालक तिच्यात केवळ गोंडस बालक उरते.

दैनंदिन नाताळचिंतनाचे वाङ्मयीन मूल्यमापन म्हणूनच त्यातील श्रद्धेच्या तीव्रतेवर किंवा भाषेच्या गोडव्यावर करता येत नाही. संहितेने राखलेले मौन ते किती काळ राखू शकते, परस्परविरोधी गोष्टी न मिटविता किती दिवस शेजारी ठेवू शकते आणि राहेलच्या आक्रोशापुढे तात्पर्य सांगण्याचा मोह किती आवरू शकते, हे त्याचे निकष होत. या निकषांवर उतरणारी चिंतने संख्येने थोडी आहेत. ती श्रद्धावंताला जेवढी आवश्यक, तेवढीच श्रद्धा नसलेल्या वाचकालाही वाचनीय ठरतात. कारण ठाऊक असलेली कथा पुन्हा न ठाऊक असल्यासारखी वाचण्याचे शिक्षण त्यांतून मिळते.