गावाबाहेरची यक्खिनी : एका अट्ठकथेचे पुनर्वाचन

धम्मपदाच्या यमकवग्गातील पाचवी गाथा आपल्या विहारांतून जितक्या वेळा म्हटली जाते, तितक्या वेळा तिची निदानकथा पूर्ण सांगितली जात नाही. वैराने वैर शमत नाही, अवैरानेच ते शमते, हा गाथेचा आशय उपासकांच्या तोंडी असतो. परंतु ही गाथा तथागतांनी कोणासमोर उच्चारली असे विचारल्यास बहुतेक जण थांबतात. अट्ठकथेनुसार श्रोत्या दोन स्त्रिया होत्या, आणि त्यांपैकी एक काळी नावाची यक्खिनी होती. आम्हीही ही कथा अनेक वर्षे अर्धीच सांगत आलो. तिचा उत्तरार्ध पुन्हा वाचण्याची निकड सफाळे येथील एका प्रवचनात निर्माण झाली.

वर्षावासातील ते प्रवचन होते. कथा संपवून आम्ही गाथेच्या व्याकरणाकडे वळत असताना पाड्यावरून आलेली एक वृद्ध वारली स्त्री म्हणाली, "सर, मग तिला गावात कोणीच ठेवून घेतली नाही का?" आम्ही अट्ठकथेतील तपशील सांगितला. तो तिला पुरेसा वाटला नाही, आणि खरे पाहता आम्हालाही वाटला नाही. कार्यक्रमानंतर तिने आपल्या मावशीची हकीकत सांगितली. पाड्यात लागोपाठ दोन मुले दगावली, भगताने तांदळाचे दाणे पाहिले आणि मावशी भुताळी ठरली. उरलेले आयुष्य तिने पाड्याच्या टोकाला, एकटीने काढले. मेली तेव्हा खांदा द्यायला घरचे चौघेच होते.

आता कथेकडे वळू. एका घरात दोन सवती होत्या. थोरली वांझ होती. धाकटीला गर्भ राहताच थोरलीने तिला औषध घालून तो पाडला. असे दोनदा झाले. तिसऱ्या खेपेस धाकटी स्वतःही मेली आणि मरताना तिने सूडाचा संकल्प केला. पुढे एक मांजर झाली व दुसरी कोंबडी, नंतर एक बिबटीण व दुसरी हरिणी. जन्मोजन्मी एकीने दुसरीची पिले खाल्ली. शेवटी एक यक्खिनी झाली आणि दुसरी श्रावस्तीतील कुलकन्या. यक्खिनीने तिची दोन मुले खाल्ली. तिसऱ्या मुलाला घेऊन ती आई धावत जेतवनात आली आणि तिने मूल तथागतांच्या पायांशी ठेवले. यक्खिनीला दाराशीच अडविण्यात आले होते. तथागतांनी आनंदाला पाठवून तिला आत बोलाविले, दोघींना उपदेश केला, आणि मग त्या आईला सांगितले की, मूल हिच्या हाती दे. आई म्हणाली, मला भय वाटते. भिऊ नकोस, असे सांगून त्यांनी ते देवविले. यक्खिनीने मुलाला छातीशी धरले, त्याचे मुके घेतले, परत दिले, आणि ती रडू लागली.

आमच्या मते या कथेचे मर्म गाथेत जितके आहे तितकेच या एका कृतीत आहे. ज्या स्त्रीविषयी संशय असतो तिच्या नजरेआड मुले लपविणे ही पाड्यावरची, आणि पाड्यावरचीच नव्हे तर आपल्या वस्त्यांतलीही, पहिली प्रतिक्रिया असते. तथागतांनी नेमके उलट केले. तिचे निर्दोषत्व त्यांनी सिद्ध केले नाही. कथेत ती निर्दोष नाहीच. तिला चाचणीतून जायला लावले नाही, प्रायश्चित्तही सांगितले नाही. आधी विश्वास दिला.

प्रवचने येथेच थांबतात. अट्ठकथा थांबत नाही. ती आई यक्खिनीला घरी नेते आणि पेज देते. राहायला जागा हवी म्हणून तिला प्रथम घराच्या आढ्यापाशी ठेवले जाते. मग मुसळाने कांडण्याच्या जागी, पाण्याच्या रांजणापाशी, चुलीजवळ, वळचणीला, उकिरड्यावर, गावाच्या वेशीपाशी. प्रत्येक ठिकाणी तिला त्रास होतो. कांडताना मुसळ डोक्यात बसेल असे वाटते. वेशीपाशी मुले बाणांचा नेम धरतात. अखेरीस गावाबाहेर एका निवांत जागी तिची सोय होते. तेथे तिला अन्न पोहोचविले जाते आणि ती, यंदा पाऊस चांगला आहे, उंचवट्यावर पेरा. यंदा ओढ आहे, सखलात पेरा, असे सांगते. ते ऐकून इतरांचीही पिके साधतात आणि तेही तिला अन्न देऊ लागतात.

अट्ठकथाकाराला यात विसंगत असे काही वाटत नाही. आंबेडकरी वाचकाला मात्र ती जागा ओळखीची वाटल्याखेरीज राहणार नाही. गावाबाहेर वस्ती, गावाला उपयोगी पडणारे ज्ञान, आणि मोबदल्यात गावाने दिलेले अन्न. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात हाच प्रश्न विचारला होता : ही माणसे गावाबाहेर का राहतात? पराभूत टोळ्यांतून फुटलेली माणसे गावाच्या राखणीच्या बदल्यात अन्न घेऊन वेशीबाहेर वसली, अशी त्यांची मांडणी होती. काळी यक्खिनी ही त्या फुटलेल्या माणसांपैकीच होती असे म्हणण्याइतका पुरावा कथेत नाही आणि तसा दावा आम्ही करीत नाही. परंतु जे बाबासाहेबांनी आपल्याला विचारायला शिकविले, ते पालि ग्रंथ वाचताना का विचारू नये?

कथेत दुसराही दोष आहे आणि तो अधिक गंभीर आहे. वैराचा उगम वांझ स्त्रीच्या मत्सरात दाखविला आहे. निपुत्रिक बाई दुसरीच्या मुलाचे वाईट चिंतते, हा समज अट्ठकथाकाराने समाजातून जसाच्या तसा उचलला. भुताळी ठरविल्या जाणाऱ्या स्त्रियांत निपुत्रिक, विधवा आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रिया इतक्या संख्येने का असतात, याचे एक उत्तर येथे आहे. दुसरे उत्तर अर्थातच जमिनीच्या सातबाऱ्यावर सापडते. डांगमधील डाकणींविषयी अजय स्कारिया यांनी १९९७ साली लिहिलेला निबंध वाचला तर या भयाचा आणि पुरुषसत्तेचा संबंध किती निकटचा आहे हे कळते.

भाषेनेही आपले काम केले आहे. पालि 'यक्खिनी' मराठीत 'जखीण' झाली. वज्रयानातील पूज्य 'डाकिनी' आपल्याकडे 'डाकीण' झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारितीला पांचिकासह स्वतंत्र गर्भगृह आहे, आणि हारितीही मूळची मुले खाणारी यक्षीच. बौद्ध परंपरेने जिला लेण्यात बसविले, तिच्याच जातकुळीचे नाव गावाने शिवी म्हणून वापरले.

येथे पाश्चात्त्य देशांतील 'विक्का' पंथाचा थोडक्यात उल्लेख करणे अगत्याचे आहे. इंग्लंडमधील जादूटोण्याविषयीचा १७३५ चा कायदा १९५१ साली रद्द झाला आणि जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ साली आपल्या पुस्तकाद्वारे हा पंथ जगापुढे मांडला. त्याचे अनुयायी स्वतःला अभिमानाने चेटकीण म्हणवितात. त्यांनाही पूर्वग्रह सोसावा लागला. अमेरिकेत मृत सैनिकांच्या थडग्यावर त्यांच्या पंचकोनी ताऱ्याला मान्यता मिळण्यास २००७ साल उजाडले. आपल्याकडे कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी हे नाव उघडपणे स्वीकारले. या मंडळींना उपासनेचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे. परंतु चेटकीण ठरवून जाळल्या गेलेल्या स्त्रिया या पंथाच्या पूर्वज होत्या हे मत इतिहासकारांनी स्वीकारलेले नाही. त्या बहुतांशी सामान्य ख्रिस्ती स्त्रिया होत्या. पाड्यावरची भुताळीही कोणत्याही पंथाची नसते. एकीने नाव घेतले आहे, दुसरीवर ते लादले आहे. पहिलीला सहिष्णुता हवी. दुसरीला सहिष्णुता देऊ करणे म्हणजे आरोप मान्य करणे होय.

मग तथागतांचे जादूटोण्याविषयी मत काय? दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तातील महासीलात तिरच्छानविज्जांची लांबलचक यादी आहे. तीत भूतविज्जा आहे, अंगविज्जा आहे, विषविज्जा आहे. आमचे अनेक प्रचारक ही यादी भगताच्या दारात वाचून दाखवितात. परंतु सुत्त काय म्हणते? श्रमण गौतम अशा विद्यांवर उपजीविका करण्यापासून विरत आहे, इतकेच. भिक्खुनी पातिमोक्खात त्या शिकण्यास व शिकविण्यास मनाई आहे, तीही भिक्खुनींना. आणि तेथेही स्वसंरक्षणार्थ परित्त शिकण्यास सूट आहे. हा संयम स्वतःवर घालायचा आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून विद्या करणारी बाई हुडकून काढा, असे तेथे कोठेही नाही. जी मंडळी विहारात परित्ताचा धागा मनगटावर बांधून घेतात आणि भगताच्या दोऱ्याला हसतात, त्यांनी ही सूट कोणासाठी होती हे एकदा पाहावे.

महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. त्याच्या नावात 'समूळ उच्चाटन' हे शब्द आहेत. मारण, मोहन, उच्चाटन या तांत्रिक षट्कर्मांतलाच शब्द जादूटोणा घालविण्यासाठी वापरावा, याची गंमत वाटते. ते असो. अनुसूचीतील एक कलम सर्वांत महत्त्वाचे आहे : एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटविते, रोगराई पसरविते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. ती बाई खरोखर काही करते का, हा प्रश्नच कायदा विचारत नाही. नाव ठेवणाऱ्याला तो जबाबदार धरतो. गुरे मेली की महारवाड्यावर विष घातल्याचा आळ घेणाऱ्या गावांत आपले आजे-पणजे राहिले, आणि देवीच्या कोपाच्या व अंगात येण्याच्या दहशतीत आपल्या आज्या कशा जगल्या हे बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये लिहून ठेवले. या कलमाची किंमत आपल्याइतकी कोणाला कळावी? तरीही पाड्यावर 'अंधश्रद्धाळू आदिवासी' हा शब्द आमच्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून आम्ही ऐकला आहे.

सफाळ्याहून वैतरणा ओलांडली की सोपारा दूर नाही. तेथील स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनित केला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी हाती आला. नवव्याचा तुकडा भुईगाव येथे १९५६ साली सापडला; धम्मदीक्षेचे वर्षही तेच. गिरनारच्या पाठाशी ताडून पाहता नवव्या लेखाचा विषय मंगलविधी हा आहे. आजारपणात, विवाहात, प्रवासात लोक नाना विधी करतात. स्त्रिया तर पुष्कळ क्षुद्र व निरर्थक विधी करतात, असे राजा म्हणतो. हे वाक्य आम्हाला खटकते; पुरुषांच्या यज्ञांना ही विशेषणे येथे लावलेली नाहीत. पण पुढे तो बंदी घालत नाही. विधी करावेत, त्यांचे फळ अल्प आहे, असे म्हणून तो धम्ममंगलाकडे वळतो, आणि त्यात पहिला क्रम लावतो दास व सेवकांशी सम्यक वर्तनाचा.

काळी यक्खिनीच्या कथेचे शेवटचे वाक्य आम्ही सफाळ्यात सांगितले नव्हते. गावाकडून मिळणाऱ्या अन्नातून तिने आठ सलाकभत्ते सुरू केली आणि ती आजतागायत दिली जातात, असे अट्ठकथाकार लिहितो. सलाकभत्त म्हणजे शलाका टाकून भिक्खूंमध्ये वाटले जाणारे भोजन. जिला गावाने वेशीआत राहू दिले नाही, तिच्या हातचे अन्न संघ जेवत होता. पुढच्या वर्षावासात त्या उपासिकेची भेट झाली तेव्हा हे तिला सांगितले. तिने विचारले, "मग भिक्खू तिच्या झोपडीत जाऊन जेवले, की तिने बाहेर आणून दिलं?" पाठात त्याचा उलगडा नाही.