वेताळ, व्हँपायर आणि वाराणसीची कथा

रिचर्ड बर्टन यांनी 1870 मध्ये वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर 'विक्रम अँड द व्हँपायर' या नावाने प्रसिद्ध केले आणि वेताळाला व्हँपायरच्या पंक्तीस बसवले. हे समीकरण कितपत ग्राह्य आहे, याची तपासणी या दोन्ही अमानुषांच्या दूरचित्रवाणीवरील अवतारांच्या आधारे करता येते.

व्हँपायरला जपानी भाषेत 'क्युकेत्सुकी', म्हणजे रक्त शोषणारा राक्षस, असे म्हणतात. त्याची कल्पना मात्र तेथे पाश्चात्त्य साहित्यातून गेली. ओसामू तेझुका यांच्या चित्रकथेवरील 'व्हँपायर' ही मालिका 1968-69 मध्ये प्रसारित झाली. तिच्यातील 'व्हँपायर' रक्तपिपासू नसून पशुरूप धारण करणारे, माणसांत दडून राहणारे आहेत. 2004 मधील 'व्हँपायर होस्ट' या मालिकेचा नायक टोकियोतील क्लबात नोकरी करतो. अमानुषाने माणसाचा वेष घ्यावा आणि तो उघडा पडतो की काय, या धास्तीवर कथानक तोलले जावे, ही अशा मालिकांची सर्वसाधारण रीत होय.

वेताळाला मात्र वेष घेण्याचे प्रयोजनच नाही. स्मशानातील झाडाला लटकलेल्या प्रेतात तो उघडपणे वसतो, आणि ज्याच्या खांद्यावर बसतो त्यालाच प्रश्न विचारतो. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त त्याला वाहून नेणारा राजा गोदावरीतीरावरील प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा आहे. 1830 मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. 1985 मध्ये रामानंद सागर यांच्या 'विक्रम और बेताल' या मालिकेने वेताळाला दूरदर्शनवर आणले. सज्जन यांनी रंगवलेला पांढऱ्या केसांचा बेताल भयापेक्षा मिश्किलपणानेच अधिक लक्षात राहतो.

वेताळाची पहिलीच कथा वाराणसीच्या राजपुत्राची आहे, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने ती निर्णायक ठरते. राजपुत्र वज्रमुकुट कलिंगातील पद्मावतीवर अनुरक्त होतो. तिचे संकेत उलगडणारा प्रधानपुत्र तिला नकोसा होतो. ती त्याला विषारी पक्वान्न पाठवते. तो मग एक कारस्थान रचतो. त्याच्या सांगण्यावरून राजपुत्र तिच्या अंगावर त्रिशूळाची खूण उमटवतो आणि तिचे अलंकार पळवतो. प्रधानपुत्र स्वतः तपस्व्याचा वेष घेऊन, ती स्मशानात वावरणारी डाकीण आहे, असे तेथील राजाला पटवतो. राजा तिला नगराबाहेर घालवतो. राजपुत्र तिला वाराणसीस नेतो. ती मेली असे समजून तिचे आईबाप दुःखाने प्राण सोडतात. या मृत्यूंचे पाप कोणाचे, असे वेताळ विचारतो. ते शहानिशा न करणाऱ्या कलिंगराजाचे, असे उत्तर पैठणचा राजा देतो.

जपानी मालिकांत अमानुष हा माणूस म्हणून वावरतो. या कथेत जिवंत स्त्रीला अमानुष ठरवले जाते, आणि त्या अन्यायाचा जाब खरा अमानुष विचारतो. कथेतील वेषांतर माणसानेच केलेले आहे. बर्टन यांचे शीर्षक वेताळाचे भय टिकवते, पण त्याचे न्यायासन हिरावून घेते.

ही कथा वाराणसीच्या राजपुत्राच्या नावावर असावी, हेही अर्थपूर्ण वाटते. स्मशान सामान्यतः गावकुसाबाहेर असते. काशीत मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवरील चिता वस्तीलगतच जळतात, आणि पिशाचमोचन कुंडावर अतृप्त मृतांसाठी त्रिपिंडी श्राद्ध होते. मृतांना शेजार देणाऱ्या या नगरीच्या राजपुत्राने एका जिवंत स्त्रीला डाकीण ठरवण्यात सहभागी व्हावे, हा कथेतील खोल उपरोध आहे.

वेताळाचा प्रश्न जुना झालेला नाही. एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेऊन तिचा छळ करणे हा गुन्हा ठरवण्यासाठी महाराष्ट्राला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. वेताळकथेची आजची प्रस्तुतता या संदर्भातच शोधावी लागते.