नाव कुणाचं?

'सिझ्वे बान्सी इज डेड'. १९७२, केप टाऊन. नाटक एकच अंकाचं, पण रचणारे तिघे: गोरा अथॉल फ्युगार्ड, काळे जॉन कानी नि विन्स्टन न्त्शोना. तरी पुष्कळ जण बिनदिक्कत म्हणतात, फ्युगार्डचं नाटक.

फ्युगार्ड मोठा नाटककार, वाद नाही. छापील पुस्तकात तिघांची नावं आहेत, हेही खरं. पण वर्णद्वेषी सरकारनं काळ्यांवर लादलेलं पासबुक फ्युगार्डच्या खिशात नव्हतं. फोर्डच्या कारखान्यात घाम गाळला तो कानीनं. नाटकाच्या सुरुवातीलाच त्या कारखान्याची टर उडते, ती उगाच नाही.

गोष्ट काय? शहरात राहायची परवानगी संपलेला सिझ्वे मेलेल्या माणसाचं पासबुक घेतो. पोट जगतं, नाव मरतं.

१९७३ च्या 'द आयलंड'मध्ये रॉबेन बेटावरचे दोन कैदी 'अँटिगनी' बसवतात. पात्रांची नावंच जॉन नि विन्स्टन! १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये दोघांना टोनी पारितोषिक मिळालं, नट म्हणून.

नाव गमावण्यावरच्या नाटकातनंच ज्यांची नावं गळतात, त्यांच्यापुढं समीक्षक म्हणजे पासबुक तपासणारा शिपाईच.

दोस्तांनो, वस्तीत एकांकिका बसवाल तेव्हा एवढं करा. ज्याच्या जगण्यातनं वाक्य आलं, त्याचं नाव लेखक म्हणून पायजे. आभारात नाय.