गोधडीचा ताळेबंद

मराठीत समीक्षा कशावरही होते. कवितासंग्रहावर होते, नाटकावर होते, दुसऱ्याच्या समीक्षेवर तर हमखास होते. पण ज्या वस्तूखाली निम्मे समीक्षक लहानपणी झोपले, त्या गोधडीचं धड परीक्षण काही माझ्या वाचनात आलेलं नाही. जे आलं तो गहिवर. गोधडी म्हटली की लिहिणाऱ्याच्या लेखणीलाच हुडहुडी भरते आणि 'आजीच्या मायेची ऊब' हे शब्द कागदावर आपोआप उमटतात. माझा मायेला विरोध नाही, उबेला तर नाहीच नाही. पण मी पडलो बँकेतला कारकून, त्यात बी.कॉम. आमच्याकडे 'माया' या शब्दाचा दुसरा अर्थच जास्त चालतो, आणि तिची नोंद करायची तर व्हाउचर लागतं.

कॉमर्सच्या पुस्तकात घसारा काढायच्या दोन पद्धती शिकवतात. पहिलीत दरवर्षी सारखी रक्कम वजा करत जायचं; यंत्र एक दिवस शून्यावर येतं आणि सुटतं. दुसरीत उरलेल्या किमतीवरच टक्केवारी काढायची. त्यामुळे किंमत घटत राहते, पण शून्य म्हणून कधी होत नाही. कॉलेजात ही दुसरी पद्धत मला शुद्ध लबाडी वाटायची. पण आमच्या घरात, कॉमर्सचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी, ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली होती. आजीचं नऊवारी लुगडं आधी लग्नकार्यात नेसायचं, मग देवळात जायचं, मग घरातलं, मग चुलीपुढचं. मध्ये विरलं की विरलेला भाग काढून दंड घालायचा. तेही संपलं की त्यातून बाळंतघराला दुपटी, लंगोट, दूध गाळायचं फडकं. शेवटची पायरी पोतेरं. त्या पायरीवर घसरायच्या आत जे हाताने धरून मागे ओढलं, ते गोधडीत गेलं.

या व्यवहारात एक प्रतिस्पर्धी होती, बोहारीण. जरीचं, झुळझुळीत, नायलॉनचं असेल ते तिच्या गाठोड्यात आणि त्याबदली स्टीलचं पातेलं घरात. सुती मात्र तिला दाखवायचंसुद्धा नाही. यात शास्त्र होतं. शंभर वेळा धुतलेलं सूत मऊ पडतं, घाम पितं, टाका धरून ठेवतं. नायलॉनच्या दोन घड्या एकमेकींवर ठेवल्या तर शेजारणींसारख्या घसरतात, आणि थंडीत तो स्पर्श असा, की पांघरूण घेण्यापेक्षा उठून चहा केलेला बरा. आज मध्यमवर्गीय कपाट उघडून पाहा. साड्या पाहाव्यात तर पॉलिएस्टरच्या, शर्ट मिश्र धाग्याचे. भरवशाचं सूत उरलंय ते एका गाऊनमध्ये. ज्या गाऊनवर विनोदी लेखकांनी इतकी वर्षं पोट भरलं, गोधडीचा वंश आता त्याच्याच जिवावर आहे.

रचना म्हणाल तर साधी. खाली लुगड्याचा अर्धा भाग, वर दुसरा अर्धा, किंवा वरच्या बाजूला तुकड्यांना तुकडे जोडलेले. मध्ये अस्तर म्हणून घरातला सगळा गाळ: धोतराचे पदर, बाह्या, पिठाच्या पिशव्या. मग कडेपासून धावदोरा घालायला लागायचं आणि फेर धरत धरत मध्यापर्यंत यायचं. सातारा-कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात, सीमेपलीकडे कौदी. आमच्या घरच्या एका वाकळेच्या पोटात, कापडी फलकांच्या काळातल्या कुठल्याशा निवडणुकीचा एक अख्खा फलक गेला होता. त्या उमेदवाराचं डिपॉझिट जप्त झालं म्हणतात. आमच्या घरात मात्र तो वीस वर्षं निवडून आला.

आता मुद्द्याचा प्रश्न. ही कला आहे की काटकसर? गहिवरवाले म्हणतात, त्या भोळ्या बायकांना ठाऊकसुद्धा नव्हतं, त्यांच्या हातून नकळत कला होऊन गेली. हे 'नकळत' मला मान्य नाही. माझी सातारकडची आत्या गोधडी घालायला बसली, की भोवती तुकड्यांचा बाजार मांडायची. एकदा एक हिरवा तुकडा अगदी मापाचा होता. मी म्हटलं, "आत्या, हा बसतोय की गं." तिने तो उचलला, लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "बसतोय रे, पण बघवत नाही." तो तुकडा परत बोचक्यात गेला, आणि त्याच्यासोबत ती गोधडीसुद्धा, मनासारखं तांबडं मिळेपर्यंत. पुढे संक्रांतीला कुणाचा तरी खण आला. त्याची चोळी शिवताना काखेखालचा तीन बोटं तुकडा उरला, तेव्हा काम पुढे सरकलं. बसतं पण बघवत नाही, या एका वाक्यावर मी मराठीतले निदान दहा कवितासंग्रह बोचक्यात परत पाठवू शकेन.

हेच उत्तर कन्नड जिल्ह्यात आणखी ठळक दिसतं. यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी लोक राहतात, मूळचे आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका कवंदी शिवतात तीही कडेपासून मध्याकडे. चारी कोपऱ्यांना त्या कापडाची घडी घातलेले त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात. फुलाने थंडी कमी होत नाही की कापड जास्त टिकत नाही. पण फुला नसली तर कवंदी नागडी, अशी त्यांची समजूत. ज्या घरात चिंधीचीही मोजदाद होते, तिथे चार चिंध्या निव्वळ शोभेसाठी खर्ची घालायच्या म्हणजे चैन नव्हे, तो निर्णय आहे.

गोधडी भिंतीवर टांगायची सुरुवात अमेरिकेने केली असं म्हणतात. निदान गाजवली तरी त्यांनीच. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या आणि लोकांना त्यांत अमूर्त चित्रकला दिसली. त्याच म्युझियममध्ये 2002 साली अलाबामातल्या जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या खेड्यातल्या गोधड्या आल्या. हे खेडं गुलामांच्या वंशजांचं. थंडी अडवायला शेतावर झिजलेल्या विजारी नि सदरे जोडलेले. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. 1966 मध्ये त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. 1972 मध्ये तिला सिअर्स या बड्या दुकानाकडून कॉर्डरॉयचे उशीचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. अभ्रे दुकानात गेले, उरलेल्या पट्ट्या घरी आल्या, आणि त्या कॉर्डरॉयच्या गोधड्या पुढे म्युझियममध्ये लागल्या. अभ्र्यांचं काय झालं कुणास ठाऊक! 2006 मध्ये या गोधड्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. 2007 मध्ये शिवणाऱ्या काही बायका कोर्टात गेल्या, आमचा वाटा कुठे आहे म्हणून. 2008 मध्ये प्रकरण मिटलं. समीक्षकांनी तोवर रेषा, अवकाश आणि लय यांवर भरपूर लिहून झालं होतं. वाट्याचा प्रश्न विचारला तो शिवणारणींनी.

वाटा काढायचा तर आधी खर्च काढला पाहिजे, आणि हे काम मला येतं. आमच्या घरची एक गोधडी सहा फूट बाय चार फूट आहे. दोन धावदोऱ्यांत एका बोटाचं, म्हणजे पाऊण इंचाचं अंतर. म्हणजे एकूण शिवण 384 फूट. इंचाला तीन टाके धरले तर टाके होतात 13,824. इतक्या थरांतून सुई घालून ओढून काढायला टाक्यामागे चार सेकंद धरू. पंधरा तास एकवीस मिनिटं. यात दोरा ओवणं, गुंता सोडवणं, सुई बोटात गेल्यावर बोट तोंडात धरणं, तुकडे निवडणं आणि 'बघवत नाही' म्हणून उसवणं धरलेलं नाही. हे तास दुपारचे, म्हणजे सगळ्यांची जेवणं होऊन भांडी आवरल्यावर आणि संध्याकाळचा चहा मागितला जायच्या आत मिळणारे. माया या सदराखाली आपण इतकी वर्षं जी रक्कम जमा दाखवत आलो, तिचा तपशील हा असा आहे.

द्रौपदीने पीतांबर फाडून कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली, त्याची परतफेड भर सभेत न संपणाऱ्या वस्त्राने झाली. चिंधीवर इतका व्याजदर कुठल्याही बँकेने त्यानंतर दिलेला नाही.

आता दुकानांत मिळते ती 'पॅचवर्क' गोधडी. ठाणातून कोरं कापड काढायचं, त्याचे मशीनवर चौकोन कापायचे आणि ते परत एकमेकांना जोडायचे. आमच्या काउंटरवर लोक फाटक्या नोटा बदलून घ्यायला येतात. ही गोधडी म्हणजे कोऱ्या नोटा मुद्दाम फाडून, चिकटवून आणल्यासारखी. दिसायला सुबक, सगळे रंग एकमेकांशी अदबीने वागणारे, एकही तुकडा आगंतुक नाही, म्हणून बघून दोन मिनिटांत कंटाळा येतो. समीक्षक म्हणून मी हिला नापास करतो. पण एक नोंद तिच्या जमेच्या बाजूला करावीच लागेल: ही शिवणाऱ्या बाईला नगावर का होईना, मजुरी मिळते. अस्सल गोधडीच्या बाबतीत त्या रकान्यात आजवर नुसती आडवी रेघ आहे.

मध्यंतरी आमच्या शहरात एका कलादालनात जुन्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं. परीक्षण लिहायचं तर पाहायला हवं म्हणून गेलो. माहितीपत्रकात 'अवकाशाची पुनर्मांडणी' दोनदा आणि 'ऊब' पाच वेळा होती. गोधड्या उत्तम होत्या. विशेषतः सात नंबरची: करड्या-निळ्या चौकड्यांच्या मधोमध एकच पिवळा तुकडा, आणि तो किंचित तिरका. आत्याने लांब धरून पाहिली असती आणि मान हलवली असती. शेजारी पाटी होती: 'सुती कापड, हातशिलाई. कारागीर अज्ञात. किंमत रुपये 6,500.' आमच्याकडे अज्ञात या नावाने बचत खातंसुद्धा उघडत नाही, केवायसी लागतं. इथे साडेसहा हजारांचा व्यवहार होत होता.

गोधडीची खरी परीक्षा उलट बाजूने. म्हणून मी हळूच कोपरा उलटून पाहिला. टाके पाठीमागेही तितकेच सरळ होते. कडेला चार बोटं उसवलं होतं आणि आतून खाकी कापड डोकावत होतं, अर्ध्या चड्डीचा खिसा असावा. त्याच्यावर शाईने धोब्याच्या खुणेसारखा आकडा घातलेला होता, 23.

तेवढ्यात तिथली स्वयंसेविका धावत आली. "काका, प्लीज हात लावू नका." मी तिला तो आकडा दाखवला. म्हटलं, "बाई, तुमच्या अज्ञाताचा पोरगा बहुतेक सापडला." तिने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम पडला.

"अय्या, हे डॅमेज आहे की! थांबा, सरांना विचारते. तुम्ही घेणार असाल तर कमी करतील."