जुन्या घराचा पाठ आणि त्याचे संपादन

जुनी घरे दुरुस्त करून त्यांना पूर्वीची कळा आणावी, आणि नव्या घरांतही जुन्या वळणाची सजावट करावी, ही आवड अलीकडे आपल्या शहरांतून बरीच वाढलेली दिसते. हा विषय वस्तुतः स्थापत्याचा. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु मूळ भाग कोणता, मागाहून पडलेली भर कोणती, आणि गळून गेलेला अंश कोणत्या आधारावर भरून काढावयाचा, हे जुन्या घराविषयीचे प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत. किंबहुना घराचे पुनरुज्जीवन हे एक प्रकारचे संपादनच होय, आणि आपल्याकडे ते बहुधा वाईट संपादन असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करू. 'डागडुजी' या शब्दात घराचा वापर चालू राहावा एवढीच अपेक्षा आहे. 'जीर्णोद्धार' या शब्दाला देवालयांचा संदर्भ आहे, आणि तेथे जुन्या दगडापेक्षा पूजेच्या अखंडतेला अधिक मोल दिले जाते. युरोपात या कल्पनेवरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक याने आपल्या स्थापत्यकोशात (१८५४–१८६८) असे प्रतिपादिले की, इमारतीचे पुनःस्थापन करणे म्हणजे तिला अशा पूर्णावस्थेला नेणे, की जी कदाचित कोणत्याही एका काळी प्रत्यक्षात नव्हतीही. याउलट रस्किनने १८४९ मध्येच अशा पुनःस्थापनेला विध्वंसाची उपमा दिली होती, आणि विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था स्थापिली तिने पुनःस्थापनेऐवजी नित्य निगेचा पुरस्कार केला. आपल्याकडील आजच्या सजावटकाराने व्हिओले-ल-द्यूकचे नाव ऐकलेले नसेल, पण तो अनुयायी मात्र त्याचाच आहे.

या अनुयायित्वातील दोष कोठे आहे, हे पाहण्यास सोस्यूरचा एक दृष्टान्त उपयोगी पडतो. त्याच्या निधनोत्तर, १९१६ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषेच्या घटकाची तुलना इमारतीच्या खांबाशी केली आहे. खांबाचा एक संबंध त्याने तोललेल्या तुळईशी असतो. तो अन्वयाचा संबंध. दुसरा संबंध त्याच्या घडणीवरून आठवणाऱ्या, पण तेथे उपस्थित नसलेल्या इतर घाटांच्या खांबांशी असतो. तो साहचर्याचा संबंध. आता आपल्या वाड्यातील सुरूचा खांब घ्या. खाली दगडी तळखडा, वर तुळई, तुळईवर कडीपाट, आणि दोन खांबांमधील अंतर म्हणजे 'खण'. घराचे माप याच खणांनी सांगत. माजघर किती खणांचे, हे कळले की घराचा आवाका कळे. चोळीचा खण, मेजाचा खण आणि घराचा खण यांत आखून घेतलेला एक भाग हाच समान अर्थ आहे. म्हणजे खांब हा नुसता कोरीव लाकडाचा तुकडा नव्हे, तर खणाची मर्यादा आखणारा अवयव आहे.

वाडा पाडला की हेच खांब, चौकटी आणि दारे जुन्या लाकडाच्या बाजारात येतात. तेथून ती एखाद्या उपाहारगृहात किंवा नव्या बंगल्याच्या बैठकीत जातात. तेथे खांबावर तुळई नसते, दारामागे अडसर नसतो, दिंडीतून वाकून आत येणारे कोणी नसते. कधी कधी तर दारच आडवे करून त्याचे मेज झालेले असते. अन्वयाचा संबंध तुटून साहचर्याचा तेवढा उरलेला असतो. पाहणाऱ्याला 'पेशवाई' आठवते, आणि तेवढ्यावर काम भागते. वाक्यातून उपटलेला शब्द जसा केवळ अलंकार म्हणून मिरवावा, तसा हा प्रकार आहे. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' या म्हणीतील खोच ज्याला रस्ता, ओसरी, माजघर आणि देवघर अशी प्रवेशाची उतरंड ठाऊक आहे त्यालाच कळते. बैठकीच्या एका कोपऱ्याला 'ओसरी' असे नाव दिल्याने ती उतरंड परत येत नाही.

मग चांगले संपादन कसे असते? त्याचा नमुना शोधण्यास आपल्याला पुण्याबाहेर जावयास नको. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचे आदिपर्व डॉ. वि. सी. सुखटणकर यांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये पूर्ण झाले. तीत ज्या पाठाविषयी संपादकाला पुरती खात्री नाही त्याखाली नागमोडी रेघ दिलेली आहे, आणि वगळलेले श्लोक नष्ट न करता तळटीपांत व परिशिष्टांत राखलेले आहेत. संपादक निर्णय घेतो, पण आपला निर्णय कोठे संपतो आणि हस्तलिखितांचा पुरावा कोठे सुरू होतो, हे वाचकापासून लपवीत नाही. योगायोग असा की, चित्रांच्या दुरुस्तीविषयी इटालियन विचारवंत चेझारे ब्रांदी यानेही (त्याचा सिद्धान्तग्रंथ १९६३ चा) हीच दिशा धरली. चित्राचा झडलेला भाग बारीक समांतर रेघांनी भरावा. तो दुरून अखंड दिसेल, जवळून मात्र नवा म्हणून ओळखू येईल. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही, जेथे तर्काला सुरुवात होते तेथे पुनःस्थापनेने थांबावे, असा दंडक घातला. आपल्या दुरुस्त वाड्यांतून या नागमोडी रेघेचाच अभाव आहे. नवे लाकूड मुद्दाम काळवंडून जुने भासविणे याला पाठचिकित्सेच्या परिभाषेत एकच नाव आहे: प्रक्षेप.

'मूळ रूप' या शब्दाविषयीही सावध राहिले पाहिजे. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधविला. १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा निघाली. डेक्कन कॉलेज आपली परंपरा तिच्यापासून मोजते. १८७९ मध्ये वाड्याला आग लागून त्याचा काही भाग जळाला व तो पुढे पुन्हा उभारला गेला. विसाव्या शतकात तेथे नगरपालिकेच्या कचेऱ्या होत्या. यांपैकी कोणता वाडा मूळ? केवळ पेशव्यांचा म्हणावा, तर पाठशाळा आणि आगीनंतरची उभारणी खोडून टाकावी लागेल. पाठपरंपरेतील प्रत्येक प्रत ही जशी त्या त्या काळाची साक्ष असते, तसाच इमारतीचा प्रत्येक थर असतो.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो बलवान आहे. घर म्हणजे पोथी नव्हे. त्यात माणसे राहतात. त्यांना नळ हवा, वीज हवी, शौचकूप घरात हवा. शिवाय वाडे केवळ अरसिकतेमुळे पडले नाहीत. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्या उत्पन्नात मालकाला डागडुजी परवडेना, आणि भाडेकरूंना दुसरीकडे जाणे परवडेना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे जमीनदोस्त केले. अशा स्थितीत शुद्धतेचा आग्रह धरणे हे ज्याला त्या घरात राहावयाचे नाही त्याचे सोवळे ठरेल.

आक्षेप मान्य करूनही मूळ मुद्दा उरतोच. जिवंत भाषा नवे शब्द घेते, पण ते आपल्या व्याकरणात बसवून घेते. घरालाही व्याकरण असते, आणि ते मोडल्यास घर त्याची शिक्षा देते. चुन्यात बांधलेली वीट व दगड ओल शोषतात आणि बाहेरही टाकतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि भिंत पोटातून झडू लागते. वीज घेतल्याने वाडा बिघडत नाही, सिमेंटने बिघडतो. म्हणून निकष जुने-नवे असा नसून, नवी भर मूळ रचनेशी अन्वय राखते काय, आणि पुढील पिढीला ती काढून टाकता येईल काय, असा असावयास हवा.

यात आपल्या विभागाचे एक काम आहे. ओटी, ओसरी, पडवी, माजघर हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात सापडतात. परंतु सुतार आणि गवंडी यांच्या तोंडची, गावागणिक बदलणारी परिभाषा कोशांत फारच थोडी आली आहे. वाडा उतरविला जात असताना प्रत्येक अवयवाचे नाव, त्याचे स्थान आणि त्याचे शेजारी यांची नोंद तेथील कारागिराकडून करून घेणे पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सुट्टीत शक्य आहे. खांब बाजारात गेल्यावर तो कोणत्या खणाचा होता, हे सांगणारे कोणी राहत नाही. ती नोंद घराला वाचवू शकणार नाही. पण ज्याला पुढेमागे एखादे घर वाचवावयाचे असेल, त्याला तिच्यावाचून संपादन करता येणार नाही.